रमेदीला जाणारी बस

लिस्बनच्या विमानतळावर उतरलो, सामान घेतले आणि सरकत्या जिन्याने खाली मेट्रोच्या स्थानकात आलो. समोर गाडी उभी होती. तिच्या कपाळावर शेवटच्या स्थानकाचे नाव होते : 'सांव सेबास्तियांव'. माझ्या बालमित्राने चष्मा वर सरकवून ते दोनदा वाचले आणि म्हणाला, ''अरे, ही तर आपल्या किल्ल्यात जाणारी गाडी!''

जुन्या वसईकराला यातली गंमत सांगायला नको. वसईच्या किल्ल्यात सेबास्तियन नावाचा बुरूज आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून जिथून किल्ला फोडला, त्यात हा बुरूज होता. त्याच्या पडक्या दगडांवर बसून आम्ही दोघांनी शाळा बुडवून किती चिंचा खाल्ल्या असतील याचा हिशेब नाही. आमचा मुक्काम शहराच्या त्याच बाजूला होता, म्हणून शेवटपर्यंत गेलो. वर आलो तर बुरूज नाही, खंदक नाही. एक भले मोठे बहुमजली दुकान आणि त्याच्यासमोर पावसात छत्री उलटी झालेली एक बाई. पोर्तुगालचे पहिले दर्शन हे.

आपल्याकडून युरोप पाहायला जाणारी माणसे बहुधा सहलीच्या बसमधून जातात. दहा दिवसांत सहा देश, दुपारी भारतीय जेवण, संध्याकाळी पुन्हा भारतीय जेवण. पोर्तुगाल त्या यादीत सहसा नसतो, कारण तो पार टोकाला पडतो. त्याच्या पुढे अटलांटिक. २०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही तिथे गेलो ते आपल्या पायांनी आणि तिथल्या सार्वजनिक गाड्यांनी. दोघेही पासष्टी ओलांडलेले. मुलांनी वेड्यात काढले. ''टॅक्सी करा, गाईड घ्या,'' वगैरे. पण ज्याने चाळीस वर्षे विरार लोकलने नोकरी केली त्याला गाडीची भीती घालण्यात अर्थ नसतो.

मी इतिहास शिकवला. आमच्या पाठ्यपुस्तकातले पोर्तुगीज १७३९ साली वसई सोडतात आणि तिथेच संपतात. ते पुढे कुठे गेले, आज बस कशी पकडतात, बटाटे काय भावाने घेतात, याच्याशी धड्याला कर्तव्य नसते. ते पाहावे एवढेच माझे कारण. मित्राचे कारण वेगळे होते, आणि खरे तर त्याच्याच कारणासाठी हा प्रवास झाला.

मित्र रमेदीचा. त्याची आई जन्मभर रमेदीच्या देवळात जात असे. (आमच्याकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात; बाहेरच्या माणसाला हे ऐकून नवल वाटते.) तिला कोणा पाद्र्याने कधीतरी सांगितले होते की, रमेदी हा शब्द पोर्तुगीज आहे. 'रेमेदियुश' म्हणजे उपाय, औषधे. दुखण्याखुपण्यावर उपाय करणारी ती माउली. आणि त्या माउलीचे फार मोठे देऊळ पोर्तुगालात एका डोंगरावर आहे. तेव्हापासून म्हातारीने मनाशी धरले, की खरी रमेदी तिकडे आहे आणि आपली इकडची ही तिची सावली. जाईपर्यंत ती म्हणत होती, ''कधी गेलास तर माझ्या नावाची एक मेणबत्ती लाव.'' वसईतल्या बागायतदार बाईला पोर्तुगाल म्हणजे केवढे लांब याची कल्पना नव्हती असे नाही. पण सांगून ठेवायला काय जाते?

तर ते डोंगरावरचे देऊळ आहे लामेगो नावाच्या गावात, देशाच्या उत्तर भागात. आम्हांला तिथे पोचायचे होते.

देश तसा चिमुकला. क्षेत्रफळ सुमारे ९२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी. माणसे एक कोटीच्या थोडी वर. एकट्या मुंबईत याहून जास्त. छोट्या देशाची एक फसवी गोष्ट असते. नकाशावर सगळे जवळ दिसते, म्हणून माणूस एका दिवसात चार गावे ठरवतो आणि चारही गावांची फक्त स्थानके पाहून परत येतो. पहिले दोन दिवस आम्हीही तेच केले.

व्हिसासाठी मुंबईत कागदपत्रांची चळत घेऊन रांगेत उभे होतो, तेव्हा पुढच्या गोवेकर तरुणाने विचारले, ''तुम्ही पासपोर्टच का काढत नाही त्यांचा?'' गोवा, दमण, दीव इथे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या नातवंडांपर्यंत पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते, हे खरे. पण वसई त्याआधी सव्वादोनशे वर्षे सुटलेली. आम्हांला कोण विचारतो! मित्र म्हणाला, ''चिमाजी अप्पांनी आपले एवढे मात्र नुकसान केले.''

आता रेल्वेकडे येतो. वसईकर माणूस दुसऱ्या देशातही आधी रूळच पाहतो. युरोपातल्या बहुतेक देशांत रुळांमधले अंतर १,४३५ मिलिमीटर असते. पोर्तुगाल आणि स्पेन यांचे मात्र वेगळे, १,६६८ मिलिमीटर. आणि आपल्या रुंदमापी लोहमार्गाचे अंतर १,६७६. फरक फक्त आठ मिलिमीटरचा, बोटाच्या जाडीहून कमी. डब्यात शिरताच 'हा डबा ऐसपैस आहे, ओळखीचा वाटतो' असे मित्र म्हणाला होता, त्याचे कारण मला तेव्हा कळले. आणखी एक : पोर्तुगालात पहिली आगगाडी धावली २८ ऑक्टोबर १८५६ रोजी, लिस्बन ते कारेगादो, सुमारे ३६ किलोमीटर. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ची. म्हणजे ठाण्याला गाडी पोचली तेव्हा लिस्बनकर घोड्याच्या गाडीतच होते. विरारहून मुंबईला १८६७ पासून गाडी आहे. हे मी शेजारच्या आसनावरच्या एका निवृत्त गृहस्थांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले. त्यांना ते फारसे आवडले नाही.

तिकिटाची व्यवस्था समजायला अर्धा दिवस जातो, पण एकदा समजली की सोपी आहे. लिस्बनमध्ये यंत्रातून अर्ध्या युरोला एक कागदी कार्ड मिळते. त्यात पैसे भरायचे आणि मेट्रो, ट्राम, बस, उपनगरी गाडी, नदीवरची बोट, सगळीकडे तेच टेकवायचे. मात्र माणशी एक कार्ड. एका कार्डावर दोघे हा आपला घरगुती हिशेब तिथे चालत नाही. उपनगरी गाडीत उतरतानाही कार्ड टेकवावे लागते, हे आम्ही पहिल्या दिवशी विसरलो आणि सिंत्राच्या स्थानकाच्या फाटकात दोन बोकडांसारखे अडकलो.

लांबच्या गाड्यांचे तिकीट आधी काढले तर स्वस्त पडते. पण आम्हांला खरा धक्का बसला तो खिडकीवर. बाईने आमचे पासपोर्ट पाहिले, जन्मतारखा पाहिल्या आणि काही न विचारता अर्धे पैसे परत सरकवले. पासष्ट वर्षांवरील कोणालाही, मग तो कुठल्याही देशाचा असो, रेल्वेचे निम्मे भाडे. आम्ही मागितले नव्हते. मित्र खिडकीपाशी तसाच उभा राहिला. आपल्याकडे साठीनंतर पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांनंतर स्त्रियांना ५० टक्के सवलत होती. ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. मला ती सवलत मिळाली तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि तिचा उपयोग करून दोनदा पंढरपूरला जाऊन आलो होतो. परक्या देशाने आपले वय मोजावे आणि त्याची किंमत ठेवावी, याचे बरेही वाटते आणि थोडे लागतेही.

भाषेचे म्हणाल तर, आपल्याकडच्या व्याख्यानांतून ऐकलेली यादी आम्ही पाठ करून गेलो होतो. पाव, बटाटा, कोबी, अननस, चावी, साबण, बादली, पगार, लिलाव. सगळे त्यांच्याकडून आलेले. खानावळीत कौतुक वाटते. हॉटेलात 'शाव' म्हटले की किल्ली मिळते. पण प्रवासात या यादीचा उपयोग शून्य, कारण कुठल्याही फलाटावर बटाटा लिहिलेला नसतो. प्रवाशाला लागतात ते शब्द निराळे, आणि ते आपल्याकडे आलेले नाहीत. 'साईदा' म्हणजे बाहेर पडायची वाट. 'लिन्या' म्हणजे रूळ, पण व्यवहारात फलाट. 'आत्राझू' दिसले तर गाडीला उशीर, 'सुप्रिमीदू' दिसले तर गाडी रद्द. आणि 'ग्रेव्ह' हा शब्द बातम्यांत ऐकू आला तर त्या दिवशीचा बेत बदलावा. ग्रेव्ह म्हणजे संप, आणि रेल्वेचे संप तिथे नित्याचेच आहेत. बोलताना ते लोक स्वर गिळतात. लिहिलेले वाचता येते, बोललेले कळत नाही. मराठी माणसाने लिहून दाखवावे हे उत्तम. कागद आणि पेन्सिल खिशात असू द्या.

लिस्बन टेकड्यांचे शहर. पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या बारीक चौकोनी दगडांचे. दिसायला सुरेख, पाऊस पडला की तेल सांडल्यासारखे. चांगले बूट न्या. चढणीसाठी जुन्या ट्राम आहेत, आणि दोरखंडाने वर ओढल्या जाणाऱ्या गाड्या. ग्लोरिया नावाच्या अशाच एका पिवळ्या गाडीत आम्ही बसलो होतो, १८८५ सालापासूनची. 'केवढी जुनी, आणि अजून धावते' म्हणून आम्ही तिचे फोटो काढले. ३ सप्टेंबर २०२५ रोजी तिचा दोर तुटला आणि गाडी उतारावरून घसरून सोळा माणसे दगावली. बातमी वाचून मित्राचा फोन आला. बराच वेळ दोघेही काही बोललो नाही.

नदीवरच्या बोटीविषयी मात्र मनापासून सांगतो. काइश दु सोद्रेच्या धक्क्यावरून पलीकडच्या कासील्यासला दहा मिनिटांत बोट जाते. कामगार, शाळेची मुले, मासळीची पिशवी घेतलेल्या बाया, सगळे त्याच कार्डावर. आमच्या भाईंदरच्या खाडीवर अशी बोट का नाही, असे आम्ही तिथे बसून चडफडलो. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली. रस्त्याने अडतीस किलोमीटरचा वळसा होता, तो पाण्यावरून पाव तासावर आला. आमच्या चडफडण्याचा त्यात काही वाटा नाही.

लिस्बनहून पोर्तोला जलद गाडी तीन तासांत जाते. पोर्तोच्या सांव बेंतो स्थानकाच्या दालनात सुमारे वीस हजार निळ्या-पांढऱ्या फरशांवर लढाया आणि मिरवणुका रंगवल्या आहेत. लोक गाडी चुकली तरी हरकत नाही अशा चेहऱ्याने माना वर करून उभे असतात. तिथून सकाळी दौरो नदीच्या काठाने जाणारी गाडी धरली. जाताना उजव्या बाजूची खिडकी धरा. पहिला तासभर काही दिसत नाही, मग एकदम नदी येते ती सोडतच नाही. दोन्ही काठांवर डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कोरलेले आणि त्यांवर द्राक्षांचे वेल. तोडणी नुकती संपली होती आणि पाने लाल होऊ लागली होती. मित्र बागायतदाराचा मुलगा. तो सबंध वेळ बांधांच्या दगडांकडे पाहत होता. ''हे कोणी रचले असतील?'' एवढेच म्हणाला.

दोन तासांनी रेग्वा. इथून लामेगो बारा-तेरा किलोमीटर, नदीपलीकडे डोंगरात. रेल्वे नाही. नेण्याचे ठरले होते, त्यासाठी नदीवर पूलही बांधला गेला. पण रूळ पडलेच नाहीत, आणि त्या पुलावरून आता मोटारी जातात. अपुरे राहिलेले काम पाहून आम्हांला थोडे घरच्यासारखे वाटले.

बसथांब्याच्या खांबावर वेळापत्रक चिकटवलेले होते. वर दोनाचा आणि सहाचा आकडा, मध्ये 'आ', आकड्यांच्या डोक्यावर बारीकशी खूण. मी इतिहासाचा मास्तर. वाचून सांगितले, ''बस दोन ते सहा या वेळात आहे. निवांत जेवून येऊ.'' जेवलो. दोन वाजता येऊन बसलो. अडीच झाले. तीन झाले. रस्त्यावर कुत्रेसुद्धा नाही. सव्वातीनला समोरच्या कॅफेतली बाई बाहेर आली, आमच्याकडे पाहिले, वेळापत्रकाकडे बोट केले आणि मान हलवली.

घोटाळा असा होता. पोर्तुगीज भाषेत वारांना सोम, मंगळ अशी ग्रहांची नावे नाहीत. शेजारच्या स्पॅनिश, फ्रेंच लोकांनी ती ठेवली, यांनी नाही. सहाव्या शतकात ब्रागाचा मार्टिन नावाचा बिशप होता, त्याला म्हणे वारांना मूर्तिपूजकांच्या देवांची नावे असणे पसंत नव्हते. तेव्हापासून रविवार देवाचा, शनिवार शब्बाथचा आणि मधले वार नुसते क्रमांकाचे : सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा, शुक्रवार सहावा. म्हणजे 'दोन ते सहा' याचा अर्थ सोमवार ते शुक्रवार. आणि तो होता शनिवार. वेळापत्रकात शनिवारची बस होती, सकाळी एक. ती आम्ही गाडीतून उतरून जेवायला गेलो तेव्हा आमच्या पाठीमागून गेली असावी.

मित्र काही बोलला नाही. चिडला असता तर बरे झाले असते. तो बाकावर बसून राहिला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. त्याच्या पिशवीत आईचा पासपोर्टाएवढा फोटो होता, हे मला तेव्हा कळले. दुसऱ्या दिवशी पहाटे आमची परतीची गाडी होती, विमान त्याच्या पुढच्या दिवशी. पाच हजार मैल येऊन बारा किलोमीटरवर अडकलो होतो, आणि ते माझ्या शहाणपणामुळे.

कॅफेतल्या बाईला मी कागदावर 'रेमेदियुश' एवढे लिहून दाखवले. ती आत गेली, फोन केला. पंधरा मिनिटांत टॅक्सी आली, मीटरने चालणारी. वीस युरोंच्या आत काम झाले. आधी का केली नाही, असे वाचक विचारतील. सार्वजनिक गाड्यांनीच फिरायचे, असे आम्ही एकमेकांना वचन दिले होते. म्हाताऱ्या माणसांचा हट्ट.

लामेगोचे देऊळ गावाच्या वर टेकडीवर आहे. गावातून नागमोडी जिना चढतो, ६८६ पायऱ्या. मध्ये मध्ये सज्जे, कारंजी, निळ्या फरशांची चित्रे. वरपर्यंत मोटारीचा रस्ता आहे, पण मित्राने टॅक्सी खालीच सोडली. त्याचा एक गुडघा कुरकुरतो. पायऱ्या मोजत चढलो. माझी मोजणी चारशेच्या पुढे चुकली. ८ सप्टेंबरच्या सुमारास इथे मोठी यात्रा भरते, बैलांच्या जोड्या मूर्तीचे रथ ओढतात. आपल्या वांद्र्याची मोतमाउलीची जत्राही त्याच सुमाराची. त्या दिवशी मात्र जिन्यावर आम्ही, एक नवविवाहित जोडपे आणि पुष्कळशी ओली पाने.

आत फोटो समोर धरून त्याने मेणबत्ती लावली. मी मागे बाकावर बसलो. त्या वेळाविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

बाहेर आल्यावर माहितीच्या फलकाशी थांबलो. जुनी सवय, साल दिसले की पाय थांबतो. टेकडीवर आधीपासून लहानसे प्रार्थनास्थळ होते. हे देऊळ बांधायला सुरुवात झाली १७५० साली आणि काम पुरे झाले १९०५ साली. मी मनात वजाबाकी केली, मग पुन्हा केली. १७३९ च्या वेढ्यात वसईच्या तटावर रेमेदियुश माउलीच्या नावाचा बुरूज उभा होता. मराठ्यांनी त्यालाही सुरुंग लावला होता. म्हणजे वसईला ते नाव रुजून, जुने होऊन, तोफा खाऊन झाले, त्यानंतर अकरा वर्षांनी या देवळाचा पहिला दगड बसला.

मित्राला सांगितले. तो पायरीवर बसला होता, गुडघा चोळत.

''म्हणजे ही धाकटी?'' त्याने विचारले.

''धाकटी.''

तो जरा वेळ खालच्या गावाकडे पाहत राहिला. मग हसला आणि म्हणाला, ''आईला सांगायला हवे होते. उगाच जन्मभर हिला मान दिला.''

उतरताना त्याने देवळाबाहेरच्या दुकानातून आणखी एक मेणबत्ती घेतली, जाड, पांढरी. खाली गावात आलो तर कळले, की लामेगोहून लिस्बनला लांब पल्ल्याची बस थेट जाते. ना पोर्तो, ना रेग्वा, ना दोन ते सहा. पण मग तो नदीकाठ दिसला नसता.

महिनाअखेरीस घरी आलो. २ नोव्हेंबरला आमच्याकडे ख्रिस्ती लोक आपल्या माणसांच्या कबरी फुलांनी सजवतात, मेणबत्त्या लावतात. मित्राने मलाही बोलावले. वसई रोड स्थानकाबाहेर मी रमेदीकडे जाणारी बस शोधत होतो. एका बसची पाटी पुसट, दुसरीला पाटीच नाही. चालकाला विचारले तर त्याने वाहकाकडे बोट केले, वाहक चहा पीत होता. शेजारी पाठीवर सॅक घेतलेले एक गोरे जोडपे हातातला नकाशा उलटासुलटा करून किल्ल्याची बस शोधत होते. कोणत्या देशाचे होते ते विचारायचे राहिले. त्यांनी मला विचारले, बस किती वाजता आहे? मी वेळापत्रक शोधले. नव्हते. पानवाल्याने सांगितले, ''येईल हो, येतेच.''

आम्ही तिघांनी मिळून रिक्षा केली. मी त्यांच्याआधी रमेदीला उतरलो. मित्र कबरीशी उभा होता. लामेगोची मेणबत्ती वसईच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात कपाटातल्या कपाटात वाकून गेली होती. त्याने ती सरळ करायचा प्रयत्न केला, जमले नाही, तशीच लावली.